‘एकच शंख नेला तर काय बिघडतं?’ : एका खरेदीतून निघणारा संशोधन-प्रश्न

अंदमानला जाऊन आलेल्या बऱ्याच मराठी घरांत शोकेसमध्ये एखादा शंख दिसतो. सेल्युलर जेल पाहून झालं, हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) करून झालं, की सहलीची गाडी शेवटी बाजारात थांबते. आत्याला शिंपल्यांची माळ, शेजारच्या काकूंना मोत्यासारखा चमकणारा शंख, ऑफिसातल्यांना की-चेन. कोणी हटकलंच तर उत्तर तयार असतं : “अहो, एक नेला तर काय बिघडतं? समुद्रात काय कमी आहेत का?”

या वाक्यावर आज चिडायचं नाही. ते गृहीतक समजून तपासायचं. पीएचडीच्या मुलाखतीत “तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?” असं विचारलं की अनेक जण विषय सांगतात. ‘पर्यटनाचा सागरी पर्यावरणावर होणारा परिणाम’ हा झाला विषय. ‘एक नेला तर काय बिघडतं’ हा मात्र खराखुरा प्रश्न आहे. तो मोजता येईल असा करणं, हे आपलं काम.

आधी ‘शंख’ म्हणजे कोणता, ते ठरवा

पर्यटकाच्या पिशवीत शंख दोन वाटांनी येतो. एक, वाळूतून उचललेला. दोन, दुकानातून घेतलेला. दोन्हींना आपण शंखच म्हणतो, पण संशोधनाच्या दृष्टीने हे वेगळे प्रश्न आहेत.

कवडीचंच बघा. जिवंत असताना तिच्या आतल्या प्राण्याचा मऊ पडदा, म्हणजे प्रावार, बाहेर येऊन कवडीवर पसरतो. तिची तकाकी त्याच्यामुळे टिकते. प्राणी मेला, कवडी लाटांत घासली, उन्हात पडली की ती निस्तेज होते, तिला भोकं पडतात, कडा झिजतात. त्यामुळे दुकानातली आरशासारखी, एकही ओरखडा नसलेली कवडी बहुधा जिवंतपणीच समुद्रातून काढलेली असते. ट्रोकस आणि टर्बो या मोठ्या शंखांचा बाहेरचा खडबडीत थर तर घासून आणि आम्लात बुडवून काढतात, तेव्हा आतला मोतिया थर दिसतो.

म्हणजे वाळूतला शंख नेला तर आपण रिकामं घर नेतो. दुकानातला नेला तर बहुतेक वेळा पुढे पिल्लं घालू शकला असता असा प्राणी जातो. शिवाय ‘एक’ची किंमत जातीप्रमाणे बदलते. नॉटिलस प्रौढ व्हायलाच दहा वर्षांहून अधिक काळ घेतो. भराभर वाढणाऱ्या जातीचा एक आणि नॉटिलसचा एक, हे सारखे कसे धरणार?

मग मोजायचं कसं?

इथे थोडं अंदमान सोडून स्पेनला जाऊ. बेट नाही, उष्ण कटिबंधही नाही. पण किनाऱ्यावरून उचललेल्या शंखांची मोजणी कशी करावी, याचा तो चांगला धडा आहे. मिखाल कोवालेव्स्की आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. भूमध्य समुद्रावरच्या एका लहानशा उपसागरात १९७८ ते १९८१ या काळात दर महिन्याला किनाऱ्यावरचे शंख-शिंपले मोजले होते. तशीच मोजणी २००८ ते २०१० मध्ये पुन्हा केली. मधल्या काळात तिथे येणारे पर्यटक २.७४ पट झाले होते. शंख-शिंपल्यांची संख्या २.६२ पटीने घटली होती.

आकडे इतके जुळतात की लगेच म्हणावंसं वाटतं, “बघा, पर्यटकांनी नेले!” थांबा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार : दुसरं कारण कशावरून नाही?

लेखकांनी काय केलं ते बघा. त्यांनी निवडलेल्या जागी त्या तीस वर्षांत शहरीकरणाचा आणि व्यावसायिक मासेमारीचा परिणाम झालेला नव्हता. म्हणजे दोन मोठे कन्फाउंडर जागेच्या निवडीतच बाजूला झाले. पुढची शंका अशी, की लाटांनीच शंख कमी आणले असतील. म्हणून महिन्यातली कमाल लाट-ऊर्जा आणि शंखांची संख्या यांचा सहसंबंध काढला. तो ०.१० आला, म्हणजे जवळपास नाहीच. पर्यटकसंख्येशी तो उणे ०.५२ होता, आणि फक्त गर्दीचे महिने घेतले तर उणे ०.७२.

तिसरी शंका : समुद्रातले प्राणीच कमी झाले किंवा बदलले असतील तर? तसं असतं तर जातींचा क्रम, शंखांचे आकार, भक्षकांनी पाडलेल्या भोकांचं प्रमाण यांत काही ना काही फरक पडला असता. तो पडला नव्हता.

तरी सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे. पर्यटक वाढले की किनारा साफ करणं वाढतं, वाळू तुडवली जाते, शंख फुटतात. लोकांनी खिशात किती घातले आणि इतर मार्गांनी किती गेले, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. पर्यावरणावरचे अनेक परिणाम आज मोजता येत नाहीत, असं लेखकांनीही सारांशातच म्हटलं आहे. आपल्या निष्कर्षाची हद्द स्वतः आखून देणं, हे चांगल्या पेपरचं लक्षण.

रिकामं घर कोणाच्या कामाचं?

आता पुन्हा बेटावर. अंदमानच्या किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन चालणारे हर्मिट क्रॅब सगळ्यांनीच पाहिले असतील. या खेकड्याचं पोट मऊ असतं, स्वतःचं कवच तिथे नसतं. वाढेल तसं त्याला मोठं घर लागतं. इव्हान चेस आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की एक मोठा रिकामा शंख मिळाला की एक खेकडा त्यात जातो, त्याच्या सोडलेल्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. चाळीतली एक मोठी खोली रिकामी झाल्यावर व्हावं तसंच. म्हणजे वाळूतला एक शंख उचलला तर तुटते ती अख्खी साखळी.

२०२४ मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी इंटरनेटवरचे फोटो तपासले. शंखाऐवजी मानवनिर्मित वस्तू, मुख्यतः प्लास्टिकची झाकणं, पाठीवर घेतलेले ३८६ खेकडे त्यांना सापडले. जमिनीवर राहणाऱ्या १६ जातींपैकी १० जातींमध्ये हे दिसलं.

आता मला सांगा, यावरून “पर्यटकांनी शंख नेले म्हणून खेकड्यांवर ही वेळ आली” असं लिहिता येईल का? नाही. ३८६ हा अंश झाला. छेद कुठे आहे? एकूण किती खेकड्यांमधले ३८६? शिवाय शंखातला साधा खेकडा कोण पोस्ट करतो? झाकणातला दिसला की सगळे फोटो काढतात. हे वर्तन जगभर, अनेक जातींत आहे, एवढं या अभ्यासातून ठामपणे कळतं. ते का होतं, यासाठी वेगळा अभ्यास हवा.

तोवर खरेदीचं काय?

छेद सापडेपर्यंत खरेदी थांबत नाही, म्हणून कायदा सावधगिरीची बाजू घेतो. २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या २४ जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आल्या. त्यांत नॉटिलस, महाकाय शिंपले, ट्रोकस, टर्बो आणि काही कवड्याही आहेत. प्रवाळालाही याच कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा बॅगेत घालू नका. आंतरराष्ट्रीय पातळीवर नॉटिलसचा व्यापार २०१७ पासून साइट्स कराराखाली नियंत्रित आहे.

दुकानदाराला गुन्हेगार ठरवायची गरज नाही. त्याचं घर त्यावर चालतं, आणि त्याच्या काउंटरवरचा शंख त्याच बेटाजवळचा असतो असंही नाही. हा व्यापार समुद्रापार चालतो. विचारा : ही जात कोणती? कुठून आली? बिल मिळेल का? उत्तरं मिळाली नाहीत तर पडौक लाकडाची, करवंटीची किंवा वेताची वस्तू घ्या. आत्याला तीही आवडेल.

आणि तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

स्पेनमधला निष्कर्ष अंदमानला जसाच्या तसा लावता येणार नाही. भरती-ओहोटी वेगळी, प्रवाळ वेगळं, पर्यटकांचा हंगाम वेगळा. प्रत्येक किनाऱ्याला स्वतःची बेसलाइन लागते, आणि बेसलाइन मागे जाऊन तयार करता येत नाही. २००८ मध्ये तुलना करता आली, कारण १९७८ मध्ये कोणीतरी दर महिन्याला जाऊन मोजलं होतं आणि ते आकडे जपून ठेवले होते.

त्यामुळे पुढच्या सुट्टीत अंदमान असो की आपलं मालवण, एक ठरावीक पट्टा आखा, शंख न उचलता मोजा. तारीख, भरतीची वेळ, पट्ट्याची लांबी, मोजायला किती जण होते आणि किती वेळ लागला, सगळं लिहा. एकही शंख दिसला नाही तर रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा. मोकळा रकाना पाहून पुढच्या माणसाला वाटेल, त्या दिवशी कोणी मोजायला गेलंच नव्हतं.