फुफाटा, चिखल आणि सायकलची चेन

सायकलच्या चेनला वंगण हवे असते ते आतल्या सांध्यांना. प्रत्येक सांध्यात एक पिन असते, तिच्याभोवती रोलर फिरतो आणि घर्षण होते ते सांध्याच्या आतल्या बारीक फटींत. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये ज्या रोलर चेनचे पेटंट घेतले, तिचीच रचना आजही चालते. पिनेपासून पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच. गिअरच्या सायकलला असे शंभरावर सांधे. पट्ट्यांवर बाहेरून चकाकणारे तेल काहीच कामाचे नसते, उलट तेच धूळ धरून ठेवते.

साध्या सायकलची चेन कव्हरमध्ये झाकलेली आणि जाड असते, त्यामुळे तिला कोणतेही तेल बरेच दिवस चालून जाते. माउंटन बाइकची चेन उघडी, अरुंद, आणि जायचे असते मुरमाड माळावरून. सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडच्या आसपास तर दोन टोके दिसतात. उन्हाळ्यात पांदणीवर घोट्याएवढा फुफाटा, आणि पावसाळ्यात त्याच पांदणीत चाक अडकवणारी काळी चिकण माती. वर्षभर एकच वंगण इथे पुरत नाही.

फुफाट्याच्या दिवसांत कोरडे वंगण बरे. ते पातळ द्रावकात मिसळलेले असते. द्रावक उडून गेले की सांध्यात मेणासारखा थर राहतो आणि त्यावर धूळ फारशी चिकटत नाही. मात्र ते लावल्यावर निदान काही तास, शक्यतो रात्रभर, सायकल उभी ठेवावी लागते. घाई केली तर द्रावकासोबत वंगणही उडून बाहेर येते. पावसाळ्यात हा थर लवकर धुतला जातो आणि चेन करकरू लागते. तेव्हा ओले, म्हणजे दाट तेलाचे वंगण लागते. ते पाण्यात टिकते, पण माती ओढून घेते. ओल्या वंगणात मिसळलेले गारेचे कण पिनेला सहाणेसारखे झिजवतात. म्हणून ते वापरणाऱ्याने चेन अधिक वेळा पुसायला हवी. काळा चिखल गिअरमध्ये भरला तर मात्र कोणतेच वंगण उपयोगी नाही. आधी पाणी, मग फडका.

घरात किंवा गॅरेजात हाताशी असलेल्या तेलांचा मोह साहजिक आहे. इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा असतो, ते टाळावे. नवे इंजिन ऑइल अडीअडचणीला चालते, पण धूळ फार धरते. शिलाई मशीनचे तेल फार पातळ, थोड्याच फेऱ्यांत निघून जाते. जवस आणि करडईची तेले हवा लागून घट्ट होतात, म्हणूनच ती रंगात वापरतात. चेनमध्ये त्यांचा चिकट थर बसतो. खोबरेल थंडीत गोठते. डब्ल्यूडी-४० तयार झाले १९५३ मध्ये, तेही ओल घालवून गंज रोखण्यासाठी. मळ सोडवायला ते चांगले, वंगण म्हणून टिकत नाही.

वंगण निवडण्याइतकेच ते लावणे महत्त्वाचे, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. आधी चेन डिझेलने आणि दातांच्या जुन्या ब्रशने घासून पूर्ण कोरडी करावी. मग पेडल उलटे फिरवत, चेनच्या खालच्या पदराच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडावा. थोडा वेळ थांबून बाहेरचे सगळे तेल फडक्याने पुसून काढावे. चेन कोरडी दिसू लागेपर्यंत पुसायला हरकत नाही.

झीज मोजायला साधी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचे माप बरोबर १२ इंच भरते. ते अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढले की चेन बदलावी. पुरते एक सूत वाढेपर्यंत तीच ओढली, तर मागची दातेरी चक्रेही झिजलेली असतात आणि नवी चेन त्यांवर घसरते.