दसऱ्याला सुरुवात, संक्रांतीनंतर शर्यत

थंडी पडली की आपल्याकडे व्यायामाचे संकल्प सुरू होतात आणि थंडी संपायच्या आत बहुतेक संकल्पही संपतात. मी बोरिवलीत राहते, दुपारच्या शाळेत शिकवते. वय चव्वेचाळीस. माहेर आपल्याच जिल्ह्यातले. गेल्या थंडीत मी पहिल्यांदा रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तयारी केली आणि तीन शर्यती पुऱ्या केल्या. नंबर एकीतही आला नाही, पण या तयारीने मला माझ्या रक्ताची खरी अवस्था दाखवली. ती हकिगत आपल्या गावाकडच्या वाचकांना, विशेषतः भगिनींना, उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

मुंबईची थंडी ती केवढी, असे कोणी म्हणेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीचे सरासरी किमान तापमान सोळा-सतरा अंश असते. गावाकडच्यांना हसू येईल, पण पळणाऱ्याला हीच हवा मानवते. म्हणूनच आमच्याकडे रस्त्यावरच्या मोठ्या शर्यती डिसेंबर-जानेवारीत होतात. थंड देशांत लोक हिवाळाभर सराव करून वसंतात शर्यतीला उतरतात. मुंबईत सराव आणि शर्यत दोन्ही थंडीतच उरकावे लागते. सरावाची सुरुवात ऑक्टोबरच्या उकाड्यात करावी लागते, म्हणून आमच्या सोसायटीतल्या सहा जणींनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. सीमोल्लंघन म्हणजे सोसायटीचे फाटक ओलांडायचे, एवढेच ठरले होते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीत ४२ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनबरोबर २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन आणि १० किलोमीटरची दौडही असते. आम्हा सगळ्यांचा डोळा २१ वर होता.

आधी रक्त, मग रस्ता

आमच्या गटाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांची एक अट होती. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने आधी डॉक्टरांकडे जायचे. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि रक्ताची साधी तपासणी, एवढे करूनच यायचे. माझा रक्तदाब आणि साखर ठीक निघाली. हिमोग्लोबिन मात्र ९.४ होते. बाळंतपण नसलेल्या प्रौढ स्त्रीचे ते निदान १२ असावे लागते. ८ ते १०.९ हा मध्यम प्रकारचा रक्तक्षय समजतात.

मला काही वेगळे वाटतच नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना दम लागतो, संध्याकाळी पाय ओढतात, हे सगळे वयाचे आणि लोकलच्या गर्दीचे, असे घरीदारी सगळेच म्हणत. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, दम लागणं हे वय नाही, हा रक्तातला तुटवडा आहे. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. गाड्याच कमी असतील तर माल पोचणार कसा?"

ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, तर त्यांत पाच जणी तरी अशा असतील. त्यातल्या बहुतेकींना ते माहीतही नसेल.

डॉक्टरीणबाई गोळ्या देऊन थांबल्या नाहीत. रक्त जाते कुठे, हे त्यांनी विचारले. पाळीत सात-आठ दिवस जास्त रक्तस्राव होतो हे मी इतकी वर्षे कोणाशी बोललेच नव्हते. बायका हे बोलत नाहीत. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ दिसली. धोक्याची नव्हती, पण रक्त जाण्याचे कारण तीच होती. तिच्यावर वेगळे उपचार सुरू झाले. लोहाच्या गोळ्या नुसत्या गिळत राहायच्या आणि गळती तशीच ठेवायची, याला अर्थ नाही.

गोळी, लिंबू आणि चहा

पळणाऱ्या माणसाला लोह थोडे जास्तच लागते. घामातून थोडे जाते, आतड्यांतून थोडे जाते, आणि पाऊल वारंवार जमिनीवर आपटल्याने काही तांबड्या पेशीही फुटतात. शिवाय दमवणाऱ्या व्यायामानंतर काही तास शरीर लोह कमी शोषते. त्यामुळे गोळीची वेळ सांभाळावी लागते. मला पळायला जायच्या दिवशीसुद्धा पहाटेच, बाहेर पडण्याआधी, लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घ्यायला सांगितले होते. चहा मात्र तास-दीड तास पुढे ढकलायचा, कारण चहातली द्रव्ये लोह अडवून धरतात. जेवणावरचा चहाही बंद केला. खरे सांगते, मला पळण्यापेक्षा हे अवघड गेले. गोळ्यांनी शौचास काळे होते, क्वचित पोट जड होते. त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. फार त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावे. काहींना त्या एकाआड एक दिवस देतात.

आहारात आपल्या घरचेच पदार्थ आले. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, खजूर, मटकी-मुगाच्या उसळीवर लिंबू, पालेभाजी, पेरू. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले. अळिवात लोह भरपूर असते. आपल्याकडे बाळंतिणीला ते देतात, ही रीत उगाच पडलेली नाही. पण रक्त ९ वर आले असेल तर नुसत्या लाडवांनी ते भरून निघत नाही. औषध हवेच. गूळ खाल्ला म्हणून गोळी टाळू नये.

बोलता बोलता पळा

डॉक्टरीणबाईंनी सरावाला परवानगी दिली, पण लगाम घालून. पहिले चार आठवडे दोन मिनिटे सावकाश पळायचे, दोन मिनिटे चालायचे. असे अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस. सरांचा नियम सोपा होता : पळताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटायला लागले की वेग जास्त झाला. आम्हा सहा जणींना हा नियम पाळायला काहीच कठीण गेले नाही.

नोव्हेंबरपासून रविवारी लांबचे अंतर सुरू झाले. त्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारखी जागा नाही. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता झाडीतून जातो आणि शेवटी चढत जातो. शंभरावर लेणी आहेत तिथे. पण हे बिबट्यांचे रान आहे. म्हणून उजाडल्यावरच, गटाने आणि मुख्य रस्त्याने जायचे, वन खात्याच्या सूचना पाळायच्या. रविवारचे अंतर दर आठवड्याला अर्धा-एक किलोमीटर वाढवायचे आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करायचे. दोन दिवस घरीच उठाबशा, पायऱ्या चढणे आणि पोटरीचे व्यायाम. एक दिवस पूर्ण विश्रांती. स्नायू विश्रांतीतच बळकट होतात. सराव वाढवून झोप कापली, तर गुडघा आणि नडगी लगेच तक्रार करतात.

सुरुवातीला सासूबाईंचा विरोध होता. "अगं, पहाटे रस्त्याने पळत सुटायचं हे काय वय आहे का? लोक काय म्हणतील?" रक्ताचा कागद त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला हाक मारली. "ऊठ गं, खाली सगळ्या थांबल्यात." एकट्या बाईने अंधारात पळण्यापेक्षा गटाने जाणे केव्हाही बरे. सोबत असली की उठणेही चुकत नाही.

धुक्याला फसू नका

थंडीतला एक धोका आम्हा मुंबईकरांना चांगलाच ठाऊक झाला आहे. वारा पडतो, थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूळ, धूर त्यातच कोंडतो. सकाळी जे सुंदर धुके दिसते, ते पुष्कळदा धूरच असतो. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली होती. पळताना आपण एरवीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, तीही तोंडाने. म्हणून आम्ही हवेचा निर्देशांक पाहूनच निघत असू. १०० च्या आत असेल तर ठरलेला सराव, १०० ते २०० असेल तर कमी आणि सावकाश, २०० च्या वर गेला तर घरातच व्यायाम. दम्याच्या माणसाने याहून जपावे. गावाकडे निर्देशांक कळला नाही तरी डोळे आणि नाक असतेच. वीटभट्टी, पेटवलेला पाचट, कचऱ्याची धुमी यांच्या वाऱ्याला पळू नये.

२१ की १०?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन १०.८ झाले. नोव्हेंबर अखेरीस मी उपनगरातली पाच किलोमीटरची एक दौड केली. डिसेंबरच्या मध्याला ते १२.१ वर आले आणि त्याच आठवड्यात दहा किलोमीटरची शर्यत एक तास एकोणीस मिनिटांत पुरी केली. आता जानेवारीत मैत्रिणींबरोबर २१ पळणारच, असे मनाने घेतले. नाव नोंदवताना मी १० लिहिले होते, पण पुढच्या दुसऱ्या एका शर्यतीत २१ ची नोंदणी अजून उघडी होती.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी सांगितली, फेरिटिनची. हिमोग्लोबिन म्हणजे हातातला पैसा आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. माझी शिल्लक अजून फार कमी होती. त्या म्हणाल्या, "दहा करा, आनंदाने करा. एकवीस पुढच्या वर्षी. गोळ्या अजून निदान तीन महिने चालू ठेवायच्या." मला वाईट वाटले, हे लपवत नाही. चार महिने बरोबर घाम गाळलेल्या पाच जणी माहीमहून निघून वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून पळणार आणि मी नाही. घरी येऊन मी सरांचे वेळापत्रक पुन्हा पाहिले. माझे सर्वांत लांबचे पळणे नऊ किलोमीटरचे होते, त्यांचे सोळा. हिशोब स्पष्ट होता. मी १० वरच राहिले.

शर्यतीआधी संक्रांत आली. तिळगूळ पोटभर खाल्ला. शर्यतीच्या सकाळी केळे आणि दोन खजूर, मांड्यांना घासू नये म्हणून खोबरेल तेल, आणि सरावातलेच जुने बूट. शर्यतीला नवे बूट कधी घालू नयेत. पाणी तहान लागेल तेवढेच प्यावे. जास्त पाणीही घातक ठरते. अमेरिकेत २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले आढळले. मी दहा किलोमीटर एक तास चौदा मिनिटांत पुरे केले. शेवटच्या किलोमीटरला शेजारच्या अनोळखी बाईंशी मी पूर्ण वाक्य बोलत होते. शाळेचा दुसरा मजला आता एका दमात चढते.

आपल्या गावातल्या मुलींसाठी

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली. तोवर हे अंतर बायकांना झेपणार नाही, असे अनेकांना वाटत असे. त्यानंतर आपल्याच राज्यातल्या खेड्यांतून कविता राऊत आणि ललिता बाबर पुढे आल्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिताने २०१२ ते १४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक पटकावला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. त्यांच्या वाटेने जाणारी मुलगी आपल्या तालुक्याच्या मैदानावरही असू शकेल. ती लवकर दमते म्हणून तिला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासा.

सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर पळणे तिथेच थांबवावे आणि सरळ डॉक्टरांकडे जावे. एरवी आपल्याला काही खर्च नाही. सडकेची कड, शाळेचे पटांगण, दोन मैत्रिणी आणि पायात बरे बूट एवढे पुरते. येत्या दसऱ्याला सोने वाटून झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी नव्हे, अर्धे केळे खाऊन, अर्धा तास बाहेर पडा. मात्र त्याच्या आधीच्या आठवड्यात रक्ताचा कागद हातात असू द्या.