औषधावशेष व वर्ज्यकाल, शिकारपक्ष्यांतील

रोगप्रतिबंधासाठी वा उपचारासाठी पक्ष्यास दिलेल्या औषधाचा, तसेच चयापचयाने (शरीरात सतत घडणाऱ्या रासायनिक व भौतिक घडामोडींनी) त्यापासून बनलेल्या द्रव्यांचा मांसात वा अंड्यात उरलेला अंश म्हणजे औषधावशेष होय. औषधाची शेवटची मात्रा दिल्यापासून हा अंश सुरक्षित मर्यादेखाली येईपर्यंत पक्षी कापावयाचा नाही व अंडी खाण्यासाठी वापरावयाची नाहीत, अशा काळास वर्ज्यकाल म्हणतात.

तित्तर, लावा, रानकोंबडी इ. पक्षी पूर्वी शिकारीतून आहारात येत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे नवेगाव-नागझिऱ्याची वने असलेल्या गोंदियासारख्या जिल्ह्यातही शिकारपक्ष्याचे मांस कायदेशीर रीत्या हवे असल्यास पाळीव जपानी लाव्याकडेच (बटेर) वळावे लागते. हा पक्षी भारतात १९७४ मध्ये आणला गेला. इझ्झतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे कार्य केले आहे. पिंजऱ्यात दाटीने वाढविलेल्या पक्ष्यांत रोग लवकर पसरतात. लाव्यांत आतड्यास व्रण पाडणारा जंतुजन्य ‘लावा रोग’ विशेष घातक असून त्यावर प्रतिजैव पदार्थ पाण्यातून वा खाद्यातून देतात.

अवशेषांचे स्वरूप : औषध रक्तावाटे सर्व ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींच्या समूहांत) पोहोचते आणि मुख्यत्वे यकृत व वृक्क (मूत्रपिंड) यांच्याद्वारे बाहेर टाकले जाते. त्यामुळे या अवयवांत अवशेष बहुधा मांसापेक्षा अधिक असतात. ऑक्सिटेट्रासायक्लीन या औषधाची आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेतील कमाल मर्यादा प्रतिकिग्रॅ. मांसात २००, यकृतात ६००, वृक्कात १,२०० व अंड्यात ४०० मायक्रोग्रॅम आहे. अंड्यातील पिवळा बलक अंडाशयात अनेक दिवस थराथराने वाढतो. म्हणून औषध थांबविल्यानंतर घातलेल्या अंड्यांतही ते आढळते. शिजविल्याने सर्व अवशेष नष्ट होतातच असे नाही.

अवशेषांमुळे संवेदनशील व्यक्तीस अधिहर्षता (ॲलर्जी) होऊ शकते. प्रतिजैव पदार्थांच्या वापराने औषधास दाद न देणाऱ्या जंतूंची वाढ होते, हा धोका अधिक व्यापक आहे.

वर्ज्यकालाची निश्चिती : ठराविक मात्रा दिलेले पक्षी वेगवेगळ्या दिवशी कापून त्यांच्या ऊतकांतील औषधाचे प्रमाण मोजतात व त्यावरून वर्ज्यकाल ठरवितात. शरीरातील औषध निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाच्या पाचपट काळानंतर सु. ३ टक्के औषध उरते. हा वेग जातीनुसार बदलतो. अशा चाचण्या बहुधा कोंबडीवर होतात. म्हणून वेष्टनावर कोंबडीसाठी छापलेला काळ लाव्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही.

भारतात १७ जानेवारी २०१२ च्या अधिसूचनेने अन्नोपयोगी प्राण्यांच्या औषधांच्या वेष्टनावर वर्ज्यकाल छापणे बंधनकारक झाले. तो चाचणीने निश्चित झालेला नसल्यास अंड्यांसाठी किमान ७ व पक्षिमांसासाठी किमान २८ दिवस धरावा लागतो. क्लोरॅम्फिनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांच्या वापरास मनाई आहे. कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली.

लाव्यांतील विशेष अडचण : लावा सु. ५ आठवड्यांत विक्रीयोग्य होतो. २८ दिवसांचा नियम पाळल्यास ३५ व्या दिवशी विकावयाच्या पक्ष्यास पहिल्या आठवड्यानंतर औषध देता येत नाही. त्यानंतर रोग आल्यास उपचार करून विक्री लांबविणे, किंवा औषध न देता नुकसान सोसणे, एवढेच पर्याय उरतात. विक्री लांबविल्यास मांसाची फारशी वाढ न होता खाद्याचा खर्च मात्र वाढतो. रोज ८० अंडी देणाऱ्या कळपात ७ दिवसांची ५६० अंडी टाकून द्यावी लागतात. लहान पालकास हा तोटा मोठा वाटतो आणि नियम मोडण्याचा मोह येथेच होतो.

दक्षता : पशुवैद्याच्या सल्ल्यानेच औषध द्यावे. औषधाचे नाव, मात्रा व शेवटचा दिवस यांची नोंद ठेवावी. उपचारित पक्षी वेगळे ठेवावेत. औषधयुक्त खाद्य संपल्यावर खाद्यपात्रे व पाण्याची भांडी धुवावीत, कारण त्यांत उरलेले औषध पोटात गेल्यास वर्ज्यकाल नव्याने मोजावा लागतो. विष्ठेतून टाकलेले औषध गादीतील भुशावाटे परत पोटात जाऊ शकते, म्हणून भुसाही बदलावा. स्वच्छता, पुरेशी जागा व कोंबड्यांपासून अलग संगोपन यांनी रोग टाळणे हाच अवशेष टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.