शीर आखडलेली नसते, आखूड असते ती पोटरी

करी रोड स्टेशनचा जिना उतरून भारतमाता मागे टाकलं की केईएम आणि वाडियाकडे जाणारी पावलं सुरू होतात. वाडिया हे १९२९ पासूनचं मुलांचं हॉस्पिटल. त्या वाटेवर कधीतरी चवड्यांवर चालणारं एखादं मूल दिसतं. टाच जमिनीला टेकत नाही, गुडघे एकमेकांना घासतात, आईचा हात घट्ट धरलेला. येणारंजाणारं कुणीतरी सांगून जातंच, "शीर आखडलीय, रोज तेल लावून चोळा."

सल्ला मायेचा असतो, पण निदान चुकलेलं असतं.

या मुलांपैकी बऱ्याच जणांना स्पास्टिक सेरेब्रल पाल्सी असते. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा होते आणि स्नायूंना "सैल हो" हा निरोप नीट पोचत नाही. ती इजा पुढे वाढत नाही. मग तीन वर्षांचं असताना टाच टेकवणारं मूल दहाव्या वर्षी चवड्यावर का येतं? आईवडिलांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर मेंदूत नाही, पोटरीत आहे.

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस, तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्याखाली सोलियस, तो गुडघ्याच्या खालून. दोघं मिळून टाचेमागच्या जाड दोरीला, म्हणजे अकिलीस टेंडनला जोडलेले. लोक जिला "शीर" म्हणतात ती हीच. स्नायू ओढतो आणि टेंडन ती ओढ टाचेपर्यंत पोचवतं.

आता गंमत बघा. अल्ट्रासाउंड आणि एमआरआयने या मुलांच्या पोटऱ्या मोजल्या, तेव्हा टेंडन आखूड निघालं नाही. उलट त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा ते सरासरीने लांब भरलं. आखूड होता तो वरचा मांसल भाग, आणि आकारानेही तो लहान होता. हा फरक अगदी लहान वयापासून दिसतो.

स्नायूच्या आत गेलं तर आणखी एक कोडं आहे. स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमियर नावाच्या बारीक कड्यांच्या साखळीने बनतो. एक कडी जेमतेम अडीच-तीन मायक्रोमीटरची. मूल वाढतं, हाड लांब होतं, तशा साखळीत नव्या कड्या जोडल्या जायला हव्यात. इथे त्या पुरेशा जोडल्या जात नाहीत. मग आहेत त्याच कड्या प्रमाणाबाहेर ताणल्या जातात, आणि इतकी ताणलेली कडी जोर लावू शकत नाही. त्यातच स्नायू वाढवणाऱ्या, त्याची डागडुजी करणाऱ्या सॅटेलाइट पेशी कमी असतात, आणि तंतूंच्या भोवती कोलॅजनचं कडक जाळं वाढतं. म्हणजे हा पाय एकाच वेळी ताठ आणि अशक्त. नुसता "कडक" म्हणून त्याच्याकडे बघितलं की अर्धी गोष्ट निसटते. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत पाय बिघडतो तो यामुळेच: हाड पुढे जातं, स्नायू मागे राहतो.

मग तेल लावून ताणण्याचं काय? पाय वर दाबला की स्नायूबरोबर टेंडनही ताणलं जातं, आणि नेमका स्नायूच लांबेल याची खात्री नसते. स्ट्रेचिंगवरच्या अभ्यासांचा २०१७ चा कॉक्रेन आढावा सांगतो की मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांत नुसत्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत म्हणावा असा फरक पडत नाही. म्हणून फिजिओथेरपी सोडायची असं अजिबात नाही. उभं राहणं, जिना चढणं, ताकदीचे व्यायाम हा तिचा मोठा भाग आहे. बोटॉक्सचं इंजेक्शन ताठरपणा साधारण तीन महिने कमी करतं, पण आखूड स्नायू लांब करत नाही. टप्प्याटप्प्याने बदलायची प्लास्टरं आणि स्प्लिंट यांची जागा वेगळी.

खरी जोखीम ऑपरेशनच्या वेळी असते. टेंडन आधीच लांब असताना ते आणखी लांबवलं आणि अंदाज चुकला, तर पोटरीचा उरलासुरला जोरही जातो. मूल चवड्यावरून खाली येतं, पण गुडघे वाकवून, खचल्यासारखं चालू लागतं. ही चाल दुरुस्त करणं चवड्यावरच्या चालीपेक्षा कठीण. म्हणून आधी एक साधी तपासणी होते. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर दाबायचं, मग गुडघा वाकवून पुन्हा. वाकवल्यावर पाऊल सहज वर आलं, तर अडचण गॅस्ट्रॉक्नेमियसची. कारण गुडघा ओलांडणारा तोच, आणि गुडघा वाकला की तो सैलावतो. दोन्ही वेळा अडलं, तर सोलियसही आखूड असू शकतो. स्वीडनच्या निल्स सिल्फवरशोल्ड या अस्थितज्ज्ञाच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. गडी १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सांघिक सुवर्णपदक मिळवलेला! अडचण फक्त गॅस्ट्रॉक्नेमियसची असेल, तर सर्जन टेंडनला हात न लावता वरच्या भागातच मोकळीक देऊ शकतात.

ऑपरेशन सुचवलं गेलं, तर पालकांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: गुडघा वाकवून पाऊल तपासलं का, आणि लांबवणार ते नेमकं काय, स्नायूचा भाग की टेंडन? मूल वाढीच्या ऐन भरात असेल तर तिसराही: आत्ताच करायचं, की थोडं थांबता येईल? फार लहान वयात केलेल्या ऑपरेशननंतर पाऊल पुन्हा आखडण्याची शक्यता जास्त असते, कारण हाडाची बरीच वाढ अजून बाकी असते.