ब्रेक खोलायचा, तर पाना कोणता?

धान कापायला विळा लागतो. लाकूड फोडायला कुऱ्हाड लागते. विळ्याने लाकूड फोडू गेलो, तर लाकूड फुटत नाही, विळा मात्र मोडतो. मोटारीच्या कामातही तसेच आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यातून ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याला ६ नंबर म्हणत. भंडारा, लाखनी, साकोली ही गावे याच रस्त्यावर आहेत. रात्रंदिवस गाड्या पळतात. गाडी पळते इंजिनावर, पण माणसे घरी पोचतात ती ब्रेकमुळे.

हा ब्रेक असतो कसा? सायकल आठवा. ब्रेक दाबला की दोन रबरे चाकाला दोन्ही बाजूंनी आवळतात. मोटारीच्या पुढच्या चाकामागे बहुधा एक लोखंडी तबकडी असते. ती चाकाबरोबर फिरते. तिला चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पायाने ब्रेक दाबला की नळीतल्या ब्रेक ऑईलचा जोर कॅलिपरच्या दट्ट्यावर येतो. दट्ट्या पॅड रेटतो. पॅड तबकडीला आवळतात आणि गाडी थांबते. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते.

पॅड झिजले की कॅलिपर खोलावा लागतो. समजा, एक पोरगा दुकानात हे काम शिकतो आहे.

"काका, चाक काढले. आता बोल्ट खोलू?"

"थांब रे! दुसऱ्या चाकांना दगड लावले? गाडीखाली लोखंडी टेकू दिला? नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नको. जॅक सरकला, तर गाडी अंगावर येईल."

पोराने टेकू दिला आणि स्क्रू पाना उचलला.

"काका, हा बसतो की!"

"बसतो, पण हलतो. हलणारा पाना बोल्टाचा वैरी. बोल्टाचे कोपरे झिजून तो गोल झाला, मग कोणताच पाना धरत नाही."

मग पाना निवडायचा कसा? पान्यावर आकडा कोरलेला असतो. तो मिलिमीटरचा असतो. कॅलिपरचे बोल्ट पुष्कळदा १२, १३ किंवा १४ चे असतात. कॅलिपर ज्यावर बसतो, त्या पट्टीचे बोल्ट मोठे असतात, बहुधा १७ च्या आसपास. पण गाडीगणिक माप बदलते. म्हणून अंदाज करू नका. पाना लावून पाहा. जो घट्ट बसेल, तोच खरा. सहा कोपऱ्यांची गोटी सर्वांत चांगली, कारण ती बोल्ट चहूकडून धरते. तिच्यानंतर रिंग पाना. काही बोल्टांना डोक्यात सहा कोनी खाच असते. तिथे एलन की लागते.

पावसाळ्यात चिखलपाण्याने बोल्ट गंजतात. आधी तारेच्या ब्रशाने घासा. गंज सोडवणारे तेल थोडे टाका आणि वाट पाहा. हे तेल पॅडवर किंवा तबकडीवर पडू देऊ नका. तेलकट पॅड गाडी थांबवत नाही. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका. ती छातीत जाते.

कॅलिपर निघाला की तो नळीवर लोंबकळू देऊ नका. तारेने वर बांधा. नळीला ओढ बसली, तर ती आतून तुटू शकते. नळीचा बोल्टही उगाच सोडू नका. आत हवा शिरली की ब्रेक मऊ पडतो. कॅलिपर खाली असताना ब्रेक दाबू नका, दट्ट्या बाहेर येईल. नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे सारायला आट्याचा शिकंजा वापरा. हातोडा नको.

परत बसवताना बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिला आहे तितकाच आवळावा. त्यासाठी टॉर्क पाना असतो. ढिला राहिला तर बोल्ट गळेल, फार आवळला तर आटे जातील. शेवटी गाडी हलवण्याआधी पायाने ब्रेक पुन्हापुन्हा दाबा. तो कडक लागला, तरच गाडी सोडा.

पोराने मग पान्यावरचा आकडा वाचला, १४ ची गोटी लावली आणि बोल्ट सहज सुटला. काका म्हणाले, "बघ, जोर लागला नाही. आकडा वाचता आला, एवढेच झाले."

तुम्हालाही आता आकडा वाचता येतो. त्या गाडीत कुणाची तरी लेकरे बसणार आहेत. म्हणून आधी वाचा, मग पाना उचला.