कागद कापण्याचें यंत्र घेतांना

घरगुती धंदा आरंभणाऱ्या माणसाच्या मनांत यंत्राविषयीं दोन प्रकारच्या समजुती आढळतात. एक अशी कीं, यंत्र आलें म्हणजे धंदा आपोआप चालूं लागेल. दुसरी अशी कीं, यंत्र म्हणजे कर्ज आणि कर्ज म्हणजे घराचा नाश. दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत. नेमकें कोणतें काम करून घ्यावयाचें हें मालकास ठाऊक असेल, तर यंत्र घरास हातभार लावतें. ठाऊक नसेल, तर तें कोपऱ्यांत बसून खातें. लेबलें, स्टिकर, पाकिटें व पत्रिका यांच्या लहानशा धंद्यासाठीं कापणीचें यंत्र कसें निवडावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

सोलापुरांतील कुटुंबांस हा प्रश्न विशेष जवळचा आहे. चादर, टॉवेल, बिडी आणि शेंगांची चटणी हा येथील प्रसिद्ध माल. आणि कागदाच्या तुकड्यावांचून त्यांपैकीं कोणताच माल दुकानांत नीट मांडतां येत नाहीं. टॉवेलच्या गठ्ठ्यास पट्टी लागते, बिडीच्या कट्ट्यास लेबल लागतें, चटणीच्या पुडीस वजन, किंमत व तारीख सांगणारी चिठ्ठी लागते. वेष्टित मालाविषयींच्या २०११ सालच्या नियमांनीं तर ही माहिती छापणें व्यापाऱ्यावर बंधनकारकच केलें आहे. जून महिन्यांत शाळकरी मुलांच्या वह्यांवरील नांवाच्या चिठ्ठ्या, दिवाळीस फराळाच्या डब्यांवरील लेबलें, संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंतील मालाचीं वेष्टनें, त्यामागून लग्नसराईच्या पत्रिका, असें काम वर्षभर फिरत राहतें. छपाईसाठीं आतां स्वतःचा छापखाना लागत नाहीं. डिजिटल छपाईच्या दुकानांतून पन्नास ताव सुद्धां छापून आणतां येतात. अडतें तें कापणीशीं. छापलेला ताव विकतां येत नाहीं. कापलेलें लेबल विकतां येतें.

कापणीचे तीन प्रकार

दुकानांत जाऊन “चांगलें यंत्र कोणतें?” असें विचारणें म्हणजे वाण्याच्या दुकानांत जाऊन “चांगलें धान्य कोणतें?” असें विचारण्यासारखें आहे. आधीं रेषा पाहावी. ती सरळ आहे कीं वळणाची, आणि वळणाची असल्यास एकाच आकाराच्या प्रती थोड्या आहेत कीं हजारों, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून तीन निरनिराळीं यंत्रें निघतात.

पहिलें यंत्र सरळ कापणीचें. तावांची थप्पी मागच्या आडपट्टीस टेकवून ठेवावयाची, वरून दाबपट्टीनें घट्ट आवळावयाची, आणि रुंद पातें खालीं आणून सारी थप्पी एका घावांत कापावयाची, ही त्याची रीत. गियोम मासिको नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८४४ सालीं या जातीच्या यंत्राचें पेटंट घेतलें. आजचीं विजेवर चालणारीं मोठीं यंत्रेंही त्याच तत्त्वावर चालतात. आपल्या घरांतील दाते पंचांग हातीं घेऊन पाहावें. शंभराहून अधिक वर्षें चालत आलेलें हें पंचांग सोलापूरचेंच. बांधणीची बाजू सोडून त्याच्या उरलेल्या तिन्ही कडा जितक्या एकसारख्या दिसतात, तितकी सफाई कात्रीनें जन्मांत यावयाची नाहीं. घरगुती धंद्यासाठीं या जातीचें हातानें ओढण्याचें लहान यंत्र मिळतें. बाजारांत त्यास रिम कटर म्हणतात. त्याच्यानें सुमारें चार सेंटिमीटर उंचीची थप्पी, म्हणजे साध्या कागदाचे चारएकशें ताव, एकदम कापतां येतात.

दुसरें यंत्र प्लॉटर. संगणकावर काढलेल्या आकृतीप्रमाणें बारीक सुरीचें टोंक कागदावर फिरतें आणि फूल, वर्तुळ, अक्षर, कांहींही कापून देतें. स्टिकरचा वरचा थर कापून मागचा मेणचट कागद अखंड ठेवणें, ज्यास धंद्यांत हाफ कट म्हणतात, तें याचें खास काम. आकृति बदलण्यास खर्च नाहीं. परंतु प्रत्येक ताव त्यास निराळा कापावा लागतो.

तिसरी रीत डाय-पंचिंगची. लाकडी फळीवर हव्या त्या आकारांत पोलादी पट्टी वळवून बसवितात आणि दाबानें तो आकार कागदावर एका ठोक्यांत उमटवून कापतात. छपाईस निरुपयोगी झालेलीं जुनीं ट्रेडल यंत्रें आज अनेक ठिकाणीं हेंच काम करीत आहेत. प्रत्येक आकारासाठीं नवी डाय करावी लागते, म्हणून पन्नास प्रतींस ही रीत महाग आणि दहा हजार प्रतींस अत्यंत स्वस्त.

चौथें एक यंत्र लेझरचें. त्याच्या झगमगाटानें पुष्कळ लोक मोहून जातात. येथें एकच इशारा द्यावयाचा. स्टिकरसाठीं वापरलें जाणारें विनाइल बहुधा पीव्हीसीचें असतें, आणि तें लेझरनें जळलें असतां हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायु सुटतो. तो माणसाच्या छातीस बाधतो आणि यंत्रासही गंजवितो. घरांत तर हा प्रयोग मुळींच करूं नये.

आकार आपल्या हातीं आहे

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका घरांतील सासूबाई व दोघी सुना चटणीच्या पुड्यांचीं दोन हजार लेबलें करून देण्याचें काम घेतात. छापील ताव १३ इंच बाय १९ इंच, आणि छपाईस उपयोगी जागा १२ बाय १८ धरूं. लेबल दोन इंच व्यासाचें वाटोळें ठरलें व मध्यें पाव इंच जागा सोडली, तर एका तावावर आडवीं पांच व उभीं आठ, म्हणजे चाळीस लेबलें बसतात. दोन हजारांस पन्नास ताव लागतील. प्लॉटरला प्रत्येक तावास चार मिनिटें लागलीं असें धरल्यास कापणींत दोनशें मिनिटें, म्हणजे तीन तास वीस मिनिटें जातील. आणि तितका वेळ ताव घालण्या-काढण्यास एक माणूस अडकून पडेल.

तेंच लेबल दोन इंच बाय तीन इंच चौकोनी केलें, तर एका तावावर छत्तीस बसतात व छप्पन ताव पुरतात. अठ्ठावीस तावांच्या दोन थप्प्या केल्या. एका थप्पीस बाहेरच्या कडांचे चार घाव, सहा पट्ट्या पाडण्यास पांच घाव, आणि प्रत्येक पट्टीस पांच याप्रमाणें तीस घाव, मिळून एकूणचाळीस. दोन्ही थप्प्यांचे अठ्ठ्याहत्तर घाव झाले. प्रत्येक घावास अर्धें मिनिट धरलें, तरी पाऊण तासाच्या आंत काम हातावेगळें होतें. मात्र लेबलाची पार्श्वभूमि एकाच रंगाची असावी, म्हणजे घाव केंसभर सरकला तरी शेजारच्या लेबलाचा रंग कडेस दिसत नाहीं. पाठीस चीर असलेला स्टिकर-कागद घ्यावा, म्हणजे चौकोनी लेबलही सहज सोलतां येतें.

काम तेंच, गिऱ्हाईक तेंच. केवळ आकार बदलल्यानें यंत्र बदललें आणि अडीच तास वांचले. आकार ठरविणें म्हणजेच यंत्र ठरविणें होय. गिऱ्हाइकास वाटोळेंच लेबल हवें असेल तर तें अवश्य द्यावें, पण त्या वाटोळेपणाची किंमत लावावी. बहुतेक गिऱ्हाइकांस दोन दर सांगितले कीं चौकोन आवडूं लागतो. ज्या घरास बहुतांशीं पट्ट्या, चिठ्ठ्या व पत्रिका कापावयाच्या आहेत, त्यानें प्रथम सरळ कापणीचें यंत्र घ्यावें व वळणाचें काम बाहेरून करून आणावें. ज्यास नांवाचे, खेळण्यांचे, शुभेच्छांचे नाना आकारांचे थोडथोडे स्टिकर करावयाचे आहेत, त्यानें प्लॉटर घ्यावा. डाय-पंचिंग आरंभीं बाहेरच ठेवावें.

पारख कशी करावी

यंत्र पाहावयास जातांना आपला स्वतःचा कागद बरोबर न्यावा. दुकानदाराच्या कागदावर सर्वच यंत्रें चांगलीं चालतात. सरळ कापणीच्या यंत्रावर थप्पी कापून सर्वांत वरचा व सर्वांत खालचा ताव एकमेकांवर ठेवून पाहावा. दोहोंच्या मापांत फरक दिसला, तर दाबपट्टी सैल आहे किंवा पातें वांकडें उतरत आहे असें समजावें. पात्याची लांबीही मोजावी. ए-३ मापाच्या लहान यंत्राचें पातें सतरा-अठरा इंचांचें असलें, तर १९ इंचांची बाजू त्याखालीं मावणार नाहीं. ताव आधीं रुंदींतून दोन तुकडे करूनच घ्यावा लागेल. जुनें यंत्र घेतांना पात्याची रुंदी किती उरली आहे तें पाहावें. वारंवार धार लावून तें झिजत जातें. पात्याखालची प्लास्टिकची पट्टी फिरवून व उलटवून तिच्या सर्व बाजू वापरतां येतात. ती स्वस्त वस्तु वेळेवर बदलली, तर महाग पातें वांचतें.

प्लॉटरवर लहानसें वर्तुळ कापून पाहावें. आरंभ व शेवट नेमके जुळले पाहिजेत. छापलेल्या खुणा ओळखून कापण्याची सोय यंत्रांत आहे कीं नाहीं हें विचारावें, आणि एक ताव पाहून भुलूं नये. दहावा ताव कसा कापला जातो तें पाहावें. तेरा इंच रुंदीचा ताव त्यांत जातो कीं नाहीं, हाही प्रश्न विसरूं नये. पात्यांचे तुकडे, चटई व दुरुस्ती करणारा माणूस सोलापुरांत किंवा निदान पुण्यास मिळत नसेल, तर स्वस्त यंत्रही महाग पडतें.

सोलापूरच्या हवेचा विचार बाहेरचा विक्रेता करीत नाहीं. तो आपणच करावयास हवा. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि स्टिकरचा डिंक मऊ पडतो. मऊ डिंक थप्पीच्या कडेनें बाहेर येतो, पात्यास चिकटतो, आणि पुढचा घाव फाटका पडतो. म्हणून चैत्र-वैशाखांत स्टिकरची कापणी सकाळच्या गारव्यांत करावी, थप्पी साध्या कागदाच्या निम्म्याहून लहान घ्यावी, पातें वरचेवर पुसून त्यास सिलिकॉनचा हलका हात द्यावा, आणि कागदाचे गठ्ठे पत्र्याखालीं ठेवूं नयेत.

बोटें आणि तास

एकत्र कुटुंबांत लहान मुलें असतात, आणि कापणीच्या यंत्रास मूल व मोठें माणूस यांतला भेद कळत नाहीं. विजेवरचें यंत्र दोन्ही हातांनीं दोन कळा दाबल्यावांचून चालतां कामा नये. पात्यापुढें हात येतांच तें थांबविणारा प्रकाशाचा पडदा असल्यास उत्तम. हातयंत्रास दांडा अडकविण्याची कडी व पुढें पारदर्शक आडोसा हवाच. काम संपतांच कडी लावावी आणि खोलीस कुलूप घालावें. हीं साधनें नाहींत म्हणून यंत्र कांहीं हजारांनीं स्वस्त मिळत असेल, तर तो व्यवहार करूं नये. बोटास भाव नसतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, यंत्र ३६,००० रुपयांस पडतें. बाहेर कापून घेण्यास महिना ३,००० रुपये जात होते. घरीं धार, पट्टी, वीज मिळून ६०० जातील. बचत २,४००, पंधरा महिन्यांत यंत्राचे पैसे फिटले, असें घरांतील पुरुष मंडळी मोठ्या समाधानानें सांगतात. परंतु त्या यंत्रापाशीं सून महिन्यास तीस तास उभी असते. तिच्या तासास साठ रुपये धरले तर १,८०० झाले. खरी बचत ६०० राहिली, आणि यंत्र फिटण्यास पंधरा महिने नव्हे, साठ महिने लागले. यावरून यंत्र घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घरच्या माणसाचे तास फुकट धरून केलेला हिशेब खोटा असतो. तें मोल वहींत लिहावें व तिच्या नांवें जमा करावें. तसें केल्यानंतर काम कमी वेळांत उरकणारा आकार कोणता आणि यंत्र कोणतें, हें ठरविण्यास घरांतील सर्वांचेंच मन लागेल.

भांडवलासाठीं दागिने मोडण्याची घाई करूं नये. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटांत ५०,००० रुपयांपर्यंतचें कर्ज तारणावांचून मिळूं शकतें; मात्र तें दान नव्हे, हप्ता दरमहा द्यावाच लागतो.

म्हणून यंत्र पाहण्यास निघण्यापूर्वीं एक वही घालावी. तीन महिने आलेलें प्रत्येक काम तींत टिपावें: लेबलाचा आकार, प्रतींची संख्या, बाहेर दिलेली कापणावळ, आणि घरीं लागलेला वेळ. तीन महिन्यांनीं सर्वांनीं बसून ती वही वाचावी. ज्या प्रकारच्या रेषेवर अर्ध्याहून अधिक पैसा गेलेला दिसेल, त्या रेषेचें यंत्र घ्यावें. कोणत्याच रेषेवर विशेष पैसा गेलेला नसेल, तर आणखी तीन महिने बाहेरच कापून घ्यावें. यंत्र बाजारांतून पळून जात नाहीं.