मारुती ८०० मध्ये एस्टीमचं इंजिन बसतं का? बसतं, पण गोष्ट तिथं संपत नाही

रील बघताना तुमच्याही समोर आली असेल. जुनी मारुती ८००, रंग उडालेला, दिसायला अगदी गरीब. बॉनेट उघडलं की आत भलतंच मोठं इंजिन. मग ॲक्सिलरेटर दाबल्याचा आवाज, शेजारची महागडी गाडी मागे, आणि खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न, "भावा, खर्च किती आला?"

खरं तर विचारायला हवेत असे प्रश्न वेगळे आहेत. ही गाडी थांबते कशी? पोलिसांनी अडवली तर काय? आणि उद्या ती दुसऱ्या कुणाला विकली तर त्याचं काय होणार?

हे सगळं समजून घ्यायला आपण सोलापुरातून सुरुवात करू.

चिंचोळीचा संबंध काय?

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. सोलापूर म्हणलं की लोकांना चादर आठवते, पण इथं जगभरातल्या गाड्यांच्या इंजिनात बसणारा एक भाग तयार होतो. त्याचं नाव कॅमशाफ्ट. १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या सोलापूरच्या कंपनीचे कारखाने चिंचोळीत आहेत.

कॅमशाफ्ट म्हणजे एक लोखंडी दांडा, ज्यावर ठरावीक अंतरावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की हे उंचवटे इंजिनचे व्हॉल्व्ह दाबतात. एक व्हॉल्व्ह उघडला की हवा आणि इंधन आत, दुसरा उघडला की धूर बाहेर. इंजिनचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ६००० फेरे मारत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बंद होतो. वेळ जराशी चुकली तरी ताकद जाते.

इंजिनची ताकद शेवटी यावरच ठरते, की ते किती हवा आणि इंधन आत घेऊन जाळू शकतं. मोठं इंजिन एका दमात जास्त हवा घेतं, म्हणून ताकद जास्त. त्यामुळेच 'छोट्या गाडीत मोठं इंजिन' ही कल्पना इतकी सोपी आणि मोहक वाटते.

आकडे काय सांगतात?

जुन्या मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. ताकद साधारण ३७ बीएचपी. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. मारुतीचीच एस्टीम १२९८ सीसीची, आणि तिच्या नंतरच्या १६ व्हॉल्व्हच्या मॉडेलची ताकद ८५ बीएचपी. दोन्ही इंजिनं सुझुकी घराण्यातली असल्यामुळे रॅली आणि रेसिंगचा नाद असलेल्यांमध्ये ही अदलाबदल बऱ्याच वर्षांपासून ओळखीची आहे.

आता हिशोब करू. मूळ ८०० मध्ये एक टन वजनामागे ५७ बीएचपी पडते. एस्टीमचं इंजिन टाकून गाडी ७०० किलोची झाली असं धरलं, तर हाच आकडा १२१ वर जातो. म्हणजे दुपटीहून जास्त. रीलमध्ये जी गाडी उडते, तिचं गुपित हेच.

पण गाडी वेगात नेणं हे अर्धंच काम. तिला थांबवायचंही असतं.

इंजिन मावलं म्हणजे बसलं असं नाही

८०० ची प्रत्येक गोष्ट ३७ बीएचपीचा विचार करून बनवलेली आहे. इंजिन बदललं की बाकी सगळ्यावर ताण येतो.

१. माउंटिंग : इंजिन गाडीला ज्या रबरी आधारांवर टेकतं, त्यांच्या जागा बदलतात. नवे ब्रॅकेट करून वेल्डिंग करावं लागतं. ते कच्चं राहिलं तर इंजिन हलतं, बॉडीला तडे जातात.

२. गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट : इंजिनची पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, ८०० मध्ये ६० न्यूटन मीटरच्या आसपास आणि एस्टीममध्ये ११० च्या आसपास. जुना गिअरबॉक्स हा पीळ फार दिवस सोसत नाही. म्हणून इंजिनबरोबर गिअरबॉक्सही आणावा लागतो, आणि चाकापर्यंत जाणारे शाफ्ट मापात करून घ्यावे लागतात.

३. रेडिएटर : जास्त इंधन जळतं तिथं जास्त उष्णता. सोलापूरच्या उन्हाळ्यात, चाळीसच्या वर पारा असताना, छोटा रेडिएटर पहिल्या ट्रॅफिकमध्येच हात टेकतो.

४. वायरिंग : नव्या इंजिनाला स्वतःचा कॉम्प्युटर, सेन्सर आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप लागतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत यातलं काहीच नसतं. वायरिंग जुगाडाचं असेल तर आग लागण्याची भीती इथंच असते.

५. ब्रेक : हा मुद्दा रीलमध्ये कधीच दिसत नाही. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात गाडीतली ऊर्जा वाढते. ताशी ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट झाला, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट झाली. ८०० ची चाकं १२ इंची, त्यामुळे आतला ब्रेकही छोटाच. दोन-तीनदा जोरात दाबला की तापतो आणि पकड सोडतो.

६. तोल : ८०० ची पुढच्या आणि मागच्या चाकांमधली लांबी २१७५ मिलिमीटर, एस्टीमची २३६५. आखूड, हलकी गाडी, पुढे जास्त वजन आणि हातात जास्त ताकद. ओल्या रस्त्यावर वळणात ती सांभाळणं अवघड जातं.

कंपन्यांनीही हे केलंय, पण कसं?

इंजिन बदलणं म्हणजे वेडेपणा असं अजिबात नाही. भारतातल्या कंपन्यांनीच ते केलंय.

मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. अंग फियाट १२४ चं, इंजिन निस्सानचं ११७१ सीसीचं. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्यात ॲम्बॅसिडरचंच १४८९ सीसीचं, साधारण ५० बीएचपीचं इंजिन होतं. एवढ्या भारदस्त गाडीला ते पुरत नव्हतं. पुढे तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि गाडीचा स्वभावच बदलला. नव्वदच्या दशकात हेच इंजिन ॲम्बॅसिडरमध्येही आलं, पण सोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स घेऊन.

ब्रिटनची मिनी याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. १९५९ ची मूळ मिनी ८४८ सीसीची, ३४ बीएचपीची. १९६१ मध्ये मिनी कूपर आली, ९९७ सीसी आणि ५५ बीएचपी. कंपनीने तिला इंजिनसोबतच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. ताकद वाढवायची तर थांबण्याची सोयही वाढवायची, हा साधा नियम त्यांनी पाळला. गॅरेजमधल्या कामात नेमकं हेच पैसे वाचवण्यासाठी मागं राहतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग इंजिन खराब झालं तर? त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवता येतं. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. ७९६ सीसीच्या जागी १२९८ सीसी हा मात्र वेगळाच मामला आहे.

विम्याचंही तेच. पॉलिसी ७९६ सीसीच्या गाडीची आणि अपघात १२९८ सीसीच्या गाडीचा, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. समोरच्याला इजा झाली असेल तर ती भरपाई मालकाच्या खिशातून वसूल होण्याची टांगती तलवार राहते.

जुनी गाडी घेताना हे बघाच

तुम्हाला असलं काही करायचं नसेल, पण तुम्ही जुनी गाडी घेणार असाल, तर हा विषय तुमचाही आहे. एमएच १३ असो की एमएच १२, पैसे देण्याआधी इंजिनवर कोरलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळवून बघा. सीसी आणि इंधनाचा प्रकार तपासा. माउंटिंगजवळ ताजं वेल्डिंग किंवा लोंबणाऱ्या वायरी दिसल्या तर दोन पावलं मागे या. नंबर जुळत नसेल तर आधीच्या मालकाची हौस तुमच्या गळ्यात पडते.

मग हौस भागवायची कुठं?

वेगाची हौस असेल तर रेस ट्रॅक आहे. एफएमएससीआयच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांमध्ये बदल केलेल्या गाड्यांचे वेगळे गट असतात, तिथं सुरक्षेची तपासणी होते आणि समोरून एसटी येत नाही.

जुन्या गाडीला रस्त्यावरच नवं आयुष्य द्यायचं असेल तर कायद्यानेच एक दार उघडं ठेवलंय. कलम ५२ मध्ये सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला परवानगी आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेलं किट, अधिकृत ठिकाणी बसवलेलं, आणि आरसीवर नोंद. हाही इंजिनचा बदलच आहे, फक्त ब्रेकपासून बॅटरीपर्यंत सगळं कुणीतरी आधी तपासलेलं असतं.

आणि इथं आपण परत सोलापुरात येतो. कॅमशाफ्ट बनवणाऱ्या याच कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या, ट्रक इलेक्ट्रिक करून देणाऱ्या एका कंपनीत हिस्सा घेतला, आणि पुढे छोट्या मालवाहू गाड्या इलेक्ट्रिक करण्याच्या कामात ती स्वतःही उतरली. इलेक्ट्रिक मोटरला कॅमशाफ्ट लागतच नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तेव्हा पुढच्या वेळी तसली रील दिसली तर खर्च नंतर विचारा. आधी विचारा, ब्रेक कुठले बसवलेत आणि आरसीवर काय लिहिलंय. उत्तर आलं नाही, तर त्या गाडीत बसू नका.